उजव्या कोपऱ्यातला टच

बर्डीवर माझं दुकान, जिन्याखाली,
साडेचार बाय सहा.
पाटीवर लिहिलंय : सगळ्या कंपन्यांचे फोन
तुमच्या डोळ्यांसमोर दुरुस्त.

पूर्वी काच फुटायची ती पडून,
गाडीवरून, पोराच्या हातून, संडासात.
आता वेगळी फुटते.
मधोमध एकच घाव, खाचेत भिंतीचा चुना.
"पडला," म्हणतं गिऱ्हाईक.
मी म्हणतो, "हो, पडतात."

आणि यंदा ही नवीनच तक्रार :
बाकी सगळा स्क्रीन ठणठणीत,
खाली उजवीकडे अंगठ्याएवढी जागा बधिर.
तिथंच ते बटन असतं.
विमान चढतं, त्याच्यासोबत आकडा चढतो,
दोन पट, तीन पट, साडेसात,
आणि ते गायब व्हायच्या आत
'काढा' दाबायचं.
एवढंच तर आहे, भाऊ. एवढंच.

विनेश हेडाऊ आला तेव्हा पारा छेचाळीसला,
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसती गरम हवा.
गोळीबार चौकातला पोरगा,
बुटीबोरीला कंपनीत पॅकिंगवर.
मी पेचकस फिरवत होतो, तो सांगत बसला :
पहिल्या दिवशी दोनशेचे अकराशे झाले,
अख्ख्या लाइनला तर्री-पोहे खाऊ घातले त्यानं.
"त्या दिवशी जिंकलो नसतो ना, भाऊ,
तर वाचलो असतो."
मग भिशीचा नंबर. मग बायकोची पोत.
मग पाच मिनिटांत कर्ज देणारी तीन ॲपं,
जी वसुलीचा फोन लावतात
तिच्या माहेरी, मोठ्या जावयाला.
हे सगळं त्यानं हवामान सांगावं तसं सांगितलं.
रडला तो दुसऱ्याच गोष्टीवर :
"नऊ पटीवर काढले मी,
अन् ते गेलं ना चाळीसपर्यंत!"

फोन मलाच विकला. सव्वाचार हजार.
सिम काढून वरच्या खिशात ठेवलं, खिसा दोनदा चाचपला.
रिसेट उद्या करू म्हटलं, गिऱ्हाइकी होती.

रात्री शटर अर्धं ओढून हिशेब लिहीत होतो
तर टेबलावर तो उजळला.
दुकानाचं वायफाय पकडून बसला होता.
"विनेश, कुठे आहेस? तुझी आठवण येते.
पन्नास रुपये ठेवलेत तुझ्यासाठी.
फक्त आजची रात्र."

आजवर इतक्या मायेनं
मला कुणी उशीर का झाला विचारलं नाही.

टच तपासावाच लागतो, धंदा आहे.
म्हणून उघडलं.
पैसे आपोआप लागले, तेवढी सोय असते.
सोनेगावला उतरणारं खरं विमान
छपरावरून घरघरत गेलं,
आणि टेबलावरचं चढायला लागलं.
एक पॉइंट चार. दोन. दोन पॉइंट नऊ.
पन्नास रुपये, माझे नाहीत, त्याचेही नाहीत.
मी अंगठा ठेवला.

कोपरा मेलेला.
पुन्हा दाबलं. नखानं दाबलं. शर्टाला पुसून दाबलं.
सहा. अकरा. एकोणीस.
गेलं.

खोटं कशाला बोलू,
मला राग आला.
खेळाचा नाही, विनेशचा नाही,
त्या मेलेल्या कोपऱ्याचा.

हाताशी पेचकस होता.
खणात नवी काच होती, नऊशेची,
कागदात गुंडाळलेली.

शेजारचा पानवाला कुलूप लावता लावता वाकून म्हणाला,
"घरी नाही जात काय बे?"
"जातो ना," म्हटलं.
"वीस मिनिटं."